संस्थेचं अधिकृत बोधचिन्ह वेबपानावर लावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फाइल हाताशी असली की लोगो पानावर लावायला दोन मिनिटं पुरतात. कटकटी सुरू होतात त्या नंतर. नियमांच्या पुस्तिका सहसा रंग आणि मापांनी सुरू होतात. इथे मात्र सुरुवात वाचकापासून केली आहे: हे चिन्ह पाहून त्याचा काय समज होईल? पान कुणाचं आहे आणि त्यातल्या मजकुराची हमी कोण देतंय, हे वाचक लोगोवरूनच ठरवतो. तो समज खरा असेल तर बाकीचे नियम पाळणं सोपं आहे. खोटा असेल तर कितीही सुबक मांडलेला लोगो चुकीचाच.

लोगो तर इंटरनेटवर सहज मिळतो. मग परवानगी कशाला?

चित्र सापडणं वेगळं आणि ते वापरायचा हक्क मिळणं वेगळं. इथे दोन स्वतंत्र हक्क गुंतलेले असतात आणि लोक त्यांची नेहमी गल्लत करतात. कॉपीराइट चित्राला, म्हणजे रेखाटनाला असतो. ट्रेडमार्क त्या चित्रातून होणाऱ्या ओळखीला संरक्षण देतो. पहिला हक्क संपला किंवा मुळात नसला, तरी दुसरा उभा असू शकतो.

नासाचं उदाहरण घ्या. नासाची बहुतेक छायाचित्रं कॉपीराइटमुक्त असतात, कुणीही वापरू शकतं. पण नासाचं बोधचिन्ह तसं नाही. १९५९ सालचं निळं गोल चिन्ह असो की १९७५ मध्ये आलेली लाल वळणदार अक्षरं, दोन्हींच्या वापरावर स्वतंत्र नियम आहेत. छायाचित्र लावल्याने नासाने तुम्हाला पाठिंबा दिला असं कुणी समजत नाही. चिन्ह लावलं तर समजू शकतं.

चित्राखाली 'क्रिएटिव्ह कॉमन्स' (ठरावीक अटींवर मोफत वापराचा परवाना) किंवा 'पब्लिक डोमेन' (कॉपीराइट नसलेलं, सर्वांना खुलं) असं लिहिलेलं होतं. तरीही?

तरीही. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ४.० आवृत्तीच्या परवान्यांतच स्पष्ट म्हटलं आहे की ट्रेडमार्कचे हक्क त्यात येत नाहीत. नुसत्या अक्षरांचे साधे लोगो कधीकधी 'पब्लिक डोमेन' म्हणून नोंदलेले दिसतात. त्याचा अर्थ एवढाच, की रेखाटन फार साधं असल्यामुळे त्यावर कॉपीराइट लागत नाही.

आम्ही संस्थेबद्दल फक्त माहिती किंवा बातमी देतोय. लोगो लावू शकतो का?

संस्थेचं नाव घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही. ज्याच्याबद्दल बोलायचं त्याचं नाव घ्यावंच लागतं, आणि बऱ्याच देशांचे कायदे हे मान्य करतात. लोगोच्या बाबतीत मात्र 'गरजेपुरता' हा निकष येतो. बातमीच्या मजकुरात, त्या संस्थेच्या उल्लेखाशेजारी, छोट्या आकारात दिलेला लोगो आणि पानाच्या माथ्यावर तुमच्या नावाशेजारी झळकणारा लोगो यांत फार फरक आहे. पहिला 'ही बातमी कुणाबद्दल आहे' ते सांगतो, तर दुसरा 'हे पान कुणाचं आहे' ते सांगतो.

माझं मत विचाराल तर, शंका असेल तिथे नाव अक्षरांत लिहा आणि लोगो सोडून द्या. वाचकाचं काही अडत नाही. संपादकांना पान 'रिकामं दिसतं' ही तक्रार असते खरी, पण तो मांडणीचा प्रश्न आहे. तो दुसऱ्याच्या चिन्हाने सोडवू नये.

आम्ही त्या संस्थेचे सदस्य आहोत, किंवा त्यांचं प्रशिक्षण घेतलं आहे. मग तर हक्क आहे ना?

सदस्य असणं म्हणजे संस्था असणं नव्हे. बऱ्याच संस्था सदस्य, प्रमाणित प्रशिक्षक, भागीदार, प्रायोजक यांच्यासाठी वेगळी चिन्हं बनवतात आणि त्यांत ते नातं शब्दांत लिहिलेलं असतं. तुमच्यासाठी असं चिन्ह असेल तर तेच वापरा. मुख्य लोगो वापरू नका. नसेल तर लोगोच्या वर नातं स्पष्ट लिहा: 'सदस्य', 'सहकार्य', 'अर्थसाहाय्य', 'तांत्रिक मदत'. 'आमच्यासोबत' किंवा 'आमचे सोबती' असल्या गोड शब्दांनी काहीच कळत नाही. ज्याने कधीकाळी एकदा सभागृह वापरायला दिलं तोही त्यात बसतो.

काही चिन्हांना अजिबातच हात लावू नये असं आहे का?

आहे, आणि इथे नुसत्या संस्थेच्या नियमपुस्तिकेवर भागत नाही, आंतरराष्ट्रीय कायदा येतो.

संयुक्त राष्ट्रांच्या चिन्हाला आमसभेच्या ७ डिसेंबर १९४६ च्या ठरावाने संरक्षण आहे आणि महासचिवांच्या परवानगीशिवाय त्याचा वापर करता येत नाही. राष्ट्रांची राजचिन्हं, ध्वज आणि आंतरशासकीय संघटनांची चिन्हं कुणी आपला ट्रेडमार्क म्हणून नोंदवू नयेत, अशी तरतूद औद्योगिक संपदेच्या संरक्षणासाठीच्या पॅरिस करारात आहे. ऑलिंपिकच्या पाच कड्यांसाठी तर १९८१ चा स्वतंत्र नैरोबी करार आहे.

पण वेबपानांवर सगळ्यांत जास्त चूक होते ती पांढऱ्यावरच्या लाल क्रॉसची. दवाखाना, औषध, प्रथमोपचार असं काही आलं की डिझाइन करणारा सवयीने लाल क्रॉस टाकतो, जणू ते वैद्यकाचं सर्वसामान्य चिन्ह आहे. ते तसं नाही. १९४९ च्या जिनिव्हा करारांनुसार ते युद्धकाळातलं संरक्षक चिन्ह आहे. या इमारतीवर, या गाडीवर हल्ला करू नका, असं ते सांगतं. वाटेल तिथे वापरून ते स्वस्त झालं की जिथे त्याच्यावर जीव अवलंबून असतो तिथलं त्याचं वजन कमी होतं. लाल चंद्रकोर आणि २००५ मध्ये स्वीकारलेला लाल स्फटिक यांनाही हाच नियम आहे. प्रथमोपचारासाठी हिरव्या चौकोनावर पांढरा क्रॉस हे आंतरराष्ट्रीय मानकातलं चिन्ह आहे, ते वापरा.

संस्थेकडून कोणती फाइल मागावी?

एसव्हीजी. चित्र रेषांच्या वर्णनातून बनत असल्यामुळे कितीही मोठं केलं तरी ते फुटत नाही, आणि फाइलही बहुधा लहान असते. ती मिळत नसेल तर पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी मागा, दाखवायच्या मापाच्या किमान दुप्पट. पानावर २०० पिक्सेल रुंद दाखवायची तर फाइल ४०० ची हवी. नाहीतर दाट पिक्सेलच्या पडद्याच्या फोनवर कडा धूसर दिसतात. जेपीईजी शक्यतो नकोच. ती पद्धत ८ बाय ८ पिक्सेलच्या ठोकळ्यांत काम करते आणि छायाचित्रासाठी बनलेली आहे. लोगोच्या तीक्ष्ण कडांभोवती ती हमखास मळ सोडते. शिवाय तिला पारदर्शकता नसते, म्हणून रंगीत पट्टीवर लोगोभोवती पांढरा डबा दिसतो.

एसव्हीजी आली तरी दोन गोष्टी तपासा. एक, अक्षरं बाह्यरेषांत बदललेली आहेत ना. नसतील तर ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला भलत्याच अक्षरांत नाव दिसेल, आणि देवनागरी नाव असेल तर वळणं आणि जोडाक्षरं पार बदलून जातील. दुसरी, फाइलमध्ये स्क्रिप्ट तर नाही ना. एसव्हीजीत कोड लपू शकतो. चित्राच्या टॅगमधून दाखवली तर तो चालत नाही, पण फाइलचा मजकूर थेट पानात चिकटवला तर चालतो. बाहेरून आलेली फाइल आधी साफ करून घ्या.

छपाईसाठी बनवलेली फाइल आली तर परत पाठवा. तिचे रंग शाईच्या हिशेबाने असतात आणि पडद्यावर कधी भडक, कधी मळकट दिसतात.

संस्थेने लोगो वर्ड फाइलमध्ये चिकटवून पाठवला आहे.

सगळेच तसा पाठवतात. विनम्रपणे पुन्हा मागा, आणि मागताना 'एसव्हीजी' हा शब्द वापरून उत्तर येईलच असं धरू नका. 'तुमचा लोगो ज्याने बनवला त्याच्याकडची मूळ फाइल' असं लिहिलं की लवकर काम होतं. तोवर पानावर नाव अक्षरांत ठेवा. स्क्रीनशॉट कापून लावू नका, आणि स्वतः तर मुळीच पुन्हा काढू नका.

लोगोभोवती किती जागा मोकळी सोडायची?

संस्थेच्या पुस्तिकेत बहुधा लोगोतल्याच एखाद्या अक्षराच्या किंवा आकाराच्या उंचीत हे माप दिलेलं असतं. पिक्सेलमध्ये न देण्याचं कारण साधं आहे: लोगो लहान-मोठा झाला की मोकळी जागाही त्याच प्रमाणात बदलावी. पुस्तिका नसेल तर मुख्य अक्षराच्या उंचीएवढी जागा चारी बाजूंनी सोडा. सहसा पुरते.

देवनागरी लोगोत एक घोटाळा नेहमी होतो. जागा शिरोरेषेपासून मोजली जाते, आणि वेलांटी, रफार, मात्रा वरच्या मजकुराला टेकतात. खाली उकाराचंही तेच. माप नेहमी सर्वांत वर गेलेल्या आणि सर्वांत खाली आलेल्या टोकापासून घ्या. तसंच, फाइलमध्येच आधीपासून मोकळी जागा भरलेली आहे का तेही पाहा. नाहीतर तुम्ही सोडलेली आणि फाइलमधली अशी दुप्पट जागा होते, आणि लोगो काठापासून तुटून मध्येच तरंगताना दिसतो.

पान मराठीत आहे आणि लोगोतलं नाव रोमन लिपीत. देवनागरीत करून टाकू का?

मनापासून इच्छा होते हे मान्य. पण नको. अक्षरं बदलली की ते दुसरं चिन्ह झालं, आणि ते बनवायचा अधिकार संस्थेचा आहे. काही संस्थांकडे मराठी किंवा हिंदी आवृत्ती तयार असते, पण ती कुणी मागितलीच नाही म्हणून पडून राहते. आधी विचारा. नसेल तर मूळ लोगो तसाच ठेवा आणि खाली साध्या मजकुरात देवनागरी नाव द्या. संस्था स्वतःचं नाव देवनागरीत कसं लिहिते तेही विचारून घ्या. ऱ्हस्व-दीर्घावरून नंतर येणारी पत्रं वाचतील.

रंग बदलला तर चालेल? आमच्या पानाचा रंग वेगळा आहे.

नाही. संस्थेने एकरंगी आवृत्ती, म्हणजे पूर्ण काळी किंवा पूर्ण पांढरी, दिली असेल तर गडद पार्श्वभूमीवर ती घ्या. तुमच्या पानाला शोभेल असा जांभळा रंग लोगोला देणं म्हणजे पाहुण्याला घरात घेताना त्याचे कपडे बदलायला लावणं.

डार्क मोडमध्ये लोगो गायब होतो!

काळी अक्षरं आणि पारदर्शक पार्श्वभूमी असली की हे व्हायचंच. पान पांढरं असताना कुणाच्या लक्षात येत नाही. वाचकाने रात्री फोन गडद केला की फक्त चिन्हाचा रंगीत भाग उरतो आणि नाव अंधारात जातं.

सर्वांत चांगला उपाय म्हणजे दोन फाइल ठेवणं आणि वाचकाच्या पसंतीनुसार ब्राउझरला योग्य ती निवडू देणं. एचटीएमएलमध्ये, म्हणजे पान ज्या भाषेत लिहितात तिच्यात, त्याची सोय आहे. संस्थेकडे गडद पार्श्वभूमीसाठीची आवृत्ती नसेल तर लोगोमागे पांढरी पट्टी ठेवा. दिसायला थोडी बोजड, पण प्रामाणिक. सीएसएसने, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडने, रंग उलटवायचा झटपट मार्ग मात्र टाळा. काळ्याचं पांढरं होतं हे खरं, पण लाल निळसर हिरवा होतो आणि निळा पिवळा. एका पानावर मी हे पाहिलं आहे. संस्थेच्या माणसाला आपला स्वतःचा लोगो ओळखता आला नव्हता.

लोगोचा रंग फिका आहे. सुलभतेचे नियम मोडत नाहीत ना?

वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी मार्गदर्शक तत्त्वांत साध्या मजकुरासाठी पार्श्वभूमीशी उजळपणाचा किमान ४.५ ला १ एवढा फरक लागतो. लोगोतल्या अक्षरांना त्यातून सूट आहे. पण फिका लोगो वाचता आला नाही तर संस्थेचं नाव शेजारी मजकुरात असू द्या. सूट नियमातून मिळते, वाचकाच्या डोळ्यांना ती लागू होत नाही.

मोबाइलवर लोगो चेपलेला दिसतो.

रुंदी पडद्याप्रमाणे आकसते आणि उंची एका ठरावीक आकड्यावर अडकलेली असते, म्हणून. उंची आपोआप ठरू द्या. मात्र एचटीएमएलमध्ये मूळ रुंदी आणि उंची दोन्ही लिहा. त्यामुळे चित्र यायच्या आधीच ब्राउझर जागा राखून ठेवतो आणि लोगो येताच सगळं पान खाली उडी मारत नाही.

किती लहान केला तर चालतो?

नाव वाचता येतं तोवर. त्याखाली गेलात तर संपूर्ण लोगोऐवजी फक्त चिन्ह वापरा, अर्थात संस्थेने तशी मुभा दिली असेल तर. ब्राउझरच्या टॅबवरच्या चिन्हाला १६ आणि ३२ पिक्सेलच मिळतात. तिथे पूर्ण नाव आणि बोधवाक्य कोंबलं तर नुसता ठिपका दिसतो. आणि टॅबवरचं चिन्ह फक्त पानाच्या मालकाचंच असतं. तिथे प्रायोजकाचा लोगो कधीच नको.

सात-आठ भागीदारांचे लोगो एका पट्टीत लावायचे आहेत. कुणी नाराज होऊ नये म्हणून काय करावं?

हा खरा मानपानाचा प्रश्न. सगळ्यांना समान उंची दिली की लांबलचक नावाचा लोगो पट्टीभर पसरतो आणि गोल चिन्हवाला बिचारा कोपऱ्यात बसतो. समान रुंदी दिली की उलट होतं. गोल चिन्ह भोपळ्याएवढं आणि लांब नाव चिरोटीएवढं.

म्हणून क्षेत्रफळ सारखं ठेवा. साधा हिशेब: चौकोनी लोगो ९० बाय ९० दिला तर ८१०० झाले. रुंदी उंचीच्या चौपट असलेला लोगो १८० बाय ४५ द्या, तेही ८१०० च. हा पाया. त्यानंतर डोळ्यांनी थोडं कमी-जास्त करा, कारण जाड, गडद लोगो बारीक रेषांच्या लोगोपेक्षा मोठा भासतो.

क्रमासाठी अकारविल्हे सगळ्यांत निर्धोक, आणि 'अकारविल्हे क्रमाने' असं लिहूनही टाका. रकमेनुसार क्रम लावायचा असेल तर तो करारात आधी लिहून घ्या. लोगो आपोआप सरकत जाणारी पट्टी मला पटत नाही. ज्याचा लोगो पाहायचा तोच नेमका निघून जातो. शिवाय ५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ आपोआप हलणारं काही असेल तर ते थांबवायची सोय देणं सुलभतेच्या नियमांनुसार आवश्यक आहे.

ऑल्ट मजकुरात, म्हणजे चित्र न दिसणाऱ्यासाठी दिलेल्या पर्यायी मजकुरात, काय लिहावं?

संस्थेचं नाव. नुसतं 'लोगो' लिहिणं म्हणजे दारावर 'पाटी' एवढंच लिहिलेली पाटी लावणं. स्क्रीन रीडर (अंधांसाठी पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) ते मोठ्याने वाचतो आणि ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. लोगोवर टिचकी मारून मुखपृष्ठ उघडत असेल तर 'अमुक संस्था, मुखपृष्ठ' असं लिहा. त्याच लिंकमध्ये शेजारी नाव मजकुरात असेल तर ऑल्ट रिकामा ठेवा, नाहीतर नाव दोनदा ऐकू येतं. चिन्हात काय काढलं आहे याचं वर्णन फक्त लेख त्या चिन्हाबद्दलच असेल तेव्हा.

लोगोला संस्थेच्या संकेतस्थळाची लिंक द्यावी का?

भागीदारांच्या लोगोंना द्यावी, वाचकाची तीच अपेक्षा असते. पैसे घेऊन लावलेला लोगो असेल तर लिंकच्या कोडमध्ये 'स्पॉन्सर्ड' अशी खूण करा. गूगल २०१९ पासून ती ओळखतं.

कोपऱ्यातला 'टीएम' किंवा गोलातला 'आर' काढून टाकू का? पसारा वाटतो.

फाइलमध्ये असेल तर असू द्या, नसेल तर स्वतःहून लावू नका. गोलातला 'आर' नोंदणी झालेल्या ट्रेडमार्कसाठीच असतो. नोंदणी नसताना तो लावणं अनेक देशांत गुन्हा आहे.

संस्थेच्या संकेतस्थळावरच्या लोगोचा पत्ता थेट आमच्या पानात दिला तर नेहमी ताजाच लोगो दिसेल ना?

कल्पना चांगली, व्यवहारात फसते. ते फाइल हलवतात आणि तुमच्या पानावर तुटलेलं चित्र उरतं. शिवाय प्रत्येक वाचकामागे त्यांच्या सर्व्हरवर भार पडतो. संस्थेने स्वतःच तसा पत्ता वापरायला सांगितला असेल तरच द्या, एरवी फाइल आपल्याकडे ठेवा.

संस्थेने लोगो बदलला. जुन्या पानांचं काय?

पानाचा माथा, तळ, भागीदारांची पट्टी, टॅबवरचं चिन्ह, समाजमाध्यमांवर दिसणारं चित्र, हे सगळं बदला. जुन्या बातमीतल्या छायाचित्रात दिसणारा फलक किंवा त्या काळचा अहवाल तसाच राहू द्या. तो त्या दिवसाचा पुरावा आहे. नवी फाइल नव्या नावाने चढवा. जुन्याच नावाने चढवली तर कित्येक वाचकांच्या ब्राउझरने साठवून ठेवलेला जुना लोगो त्यांना बराच काळ दिसत राहतो, आणि 'आमच्याकडे तर अजून जुनाच दिसतोय' असे फोन सुरू होतात.

भागीदारी संपली, पण लोगो तसाच राहिला. फार बिघडतं का?

बिघडतं. आमच्याकडून हे झालं आहे. करार संपून वर्ष उलटलं होतं आणि एका जुन्या भागीदाराचा लोगो तळपट्टीत तसाच होता. तो काढायचं काम कुणाचं हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यांचं पत्र आलं ते एका वाचकामुळे. आमच्या पानावरून त्याने त्यांच्याकडे तक्रार केली होती, ज्या कामाशी त्यांचा आता काही संबंधच नव्हता त्याबद्दल. तेव्हापासून प्रत्येक लोगोसमोर आम्ही चार नोंदी ठेवतो: परवानगी कुणी दिली, केव्हा, कोणत्या पानांसाठी आणि कधीपर्यंत. साध्या तक्त्यात मावतं.

लोगो काढा असं पत्र आलं. आम्हाला वाटतं, आमचं बरोबर आहे.

आधी काढा, मग वाद घाला. लोगोच्या जागी संस्थेचं नाव मजकुरात लिहा, पान चालू राहतं. पत्र खरंच संस्थेकडून आलं आहे ना हे त्यांच्या संकेतस्थळावर दिलेल्या पत्त्यावरून तपासा, कारण अशा पत्रांच्या नावाखाली फसवणूकही होते. मग तुमच्याकडची परवानगीची नोंद जोडून उत्तर पाठवा. बरेचदा समोरच्या माणसाला त्याच्याच कार्यालयाने दिलेली परवानगी ठाऊक नसते, आणि आठवड्याभरात लोगो पुन्हा जागेवर लागतो.